तपासणीपुरती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. वय तेरा. यातली पहिली अकरा वर्षं माझ्या निळ्या रेक्झिनवर एक ओरखडासुद्धा नव्हता. बघणारा म्हणायचा, "वा, अगदी नव्यासारखी ठेवलीय!" आज ते आठवलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगते.

ज्या वेल्डरने माझे लोखंडी पाय जोडले, त्याने मला फरशीवर ठेवून दोनदा हलवून बघितलं. "ही डुगडुगायची नाही," तो म्हणाला, "कुणाची तरी कंबर वाचवेल." मी अशी काही फुशारले! मग मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एका कापडाच्या दुकानात धाडलं.

तिथे सहा बायका दिवसभर उभ्या राहून गिऱ्हाइकांना कापड दाखवायच्या. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी आणि गिऱ्हाईक नसताना बसू द्यायला हवं, असा तिथला कायदा होता. पण मालकांचं म्हणणं, "बाई बसलेली दिसली की दुकान मेलेलं वाटतं." त्यामुळे माझी जागा जिन्याखाली ठरली. अंगावर रिकामी खोकी आणि एका पुतळ्याचा तुटका हात. प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही, म्हणे मळेल.

वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे. आदल्या दिवशी फोन यायचा, की धावपळ सुरू. खोकी उतरायची, ओलं फडकं फिरायचं आणि मी काउंटरमागे ऐटीत उभी. साहेब दारातूनच मान डोलवायचे, कागदावर खूण करायचे आणि चहा पिऊन जायचे. अर्ध्या तासात मी परत जिन्याखाली. खोटं सांगत नाही, सुरुवातीची काही वर्षं मला ती मिरवणूक आवडायची. आपण म्हणजे कोणीतरी आहोत, असं वाटायचं. नुसती उभी राहूनसुद्धा खोटं बोलता येतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या सहाजणींत ज्या वयाने थोरल्या होत्या, त्यांना सगळे ताई म्हणायचे. एकोणीस वर्षं एकाच काउंटरवर. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. दुपारी डबा घ्यायला जिन्याखाली आल्या, की माझ्यावरच्या खोक्यांना हात टेकून एक पाय उचलायच्या, मग दुसरा. मी हाताच्या अंतरावर होते. पण त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, की मी त्यांच्यासाठी आहे. वर्षातून एकदा साहेब आले की बाहेर निघते, म्हणून सगळ्याजणी मला "साहेबांची खुर्ची" म्हणायच्या.

एकदा दुकान रिकामं होतं, तेव्हा ताई कापडाच्या गठ्ठ्यावर क्षणभर टेकल्या. मालकांनी पाहिलं आणि मेमो हातात दिला. कामात कुचराई. तो दुसरा मेमो होता; पहिलाही असाच टेकल्याबद्दल. तिसरा मिळाला की कायमचं घरी. आणि ताईंच्या घरी मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्याच महिन्यात तपासणी आली. या वेळी साहेबांच्या जागी नवीन बाई होत्या. त्या दारात थांबल्या नाहीत, सरळ माझ्यापाशी आल्या.

"ही कुणासाठी?"

"या सगळ्यांसाठी," मालक म्हणाले. "अकरा वर्षं झाली. कायदा म्हणजे कायदा."

"ताई, तुम्ही बसता हिच्यावर?"

ताईंनी मालकांकडे पाहिलं. "हो... बसते की."

"मग बसा बरं. दमलेल्या दिसताय."

ताई बिचकत टेकल्या, आणि माझ्यावरचं प्लॅस्टिक करकरलं. सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. बाईंनी वाकून बोटाने ते चाचपलं.

"अकरा वर्षं बसताय, आणि प्लॅस्टिक निघालं नाही?"

मग ताईंनी पर्समधून घडी घातलेला मेमो काढला. तो बाईंपुढे धरला. "बाई, आम्हाला वाटायचं, ही साहेबांची खुर्ची आहे."

बाईंनी मेमो उभ्यानेच वाचला. ताई उठू लागल्या, तशा बाई म्हणाल्या, "बसून राहा. ही तुमचीच आहे. बसल्याबद्दल मेमो देता येत नाही. आणि मला खरं सांगितलं म्हणून तुम्हाला कामावरून काढताही येणार नाही. कुणी तसं केलं, तर माझ्याकडे या."

दोन्ही मेमो रद्द झाले. आठवड्याभरात आणखी पाच खुर्च्या आल्या. माझं प्लॅस्टिक ताईंनीच सोललं.

मित्रांनो, तुमची आई, बाबा, मावशी जिथे काम करतात, तिथेही एखादी "साहेबांची" वस्तू असेल. कुलूप लावलेली औषधपेटी असेल, कपाटामागे टांगलेला नियमांचा कागद असेल. ती खरी कुणाची आहे, ते त्यांना विचारायला सांगा. आम्हा वस्तूंना तोंड नसतं हो.

परवा माझं रेक्झिन कोपऱ्यात उसवलं. "जुनी झाली बिचारी," ताई म्हणाल्या. तेरा वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पण ते म्हणताना त्या पोटऱ्या चोळत होत्या. त्या फुगलेल्या शिरा काही आता उतरायच्या नाहीत.