चार बोटं माया

सासूबाईंच्या घरच्या वाइनचं गल्लीभर कौतुक होतं, पण सून भाळली होती ती त्यांच्या वहीवर. चांगली वाइन एखाद्याला नशिबानेही साधते. तशीच पुन्हा करून दाखवायची तर लिहून ठेवावं लागतं, आणि लिहायचा कंटाळा आपल्या सगळ्यांच्या पाचवीला पुजलेला. सासूबाईंना तो नव्हता. त्या शिवणकाम करायच्या, आणि टेप गिऱ्हाइकाच्या अंगावर असतानाच माप लिहायचं ही त्यांची जुनी सवय. वाइनचंही तसंच. द्राक्षं किती, साखर किती, यीस्ट कधी घातलं, खोली गार होती की उबदार, फेसाला वास कसला, सगळं तिथल्या तिथे वहीत. एकदा नवऱ्याने चाखून 'फक्कड' म्हटलेलं, तर त्यापुढे 'पण त्यांना सर्दी आहे' हेही टिपलेलं.

सगळ्यांत भारी म्हणजे चुका. 'झाकण घट्ट बसवलं. बरणी फुटली. चूक माझी.' हे वाचून सून थक्क झाली होती. स्वतःची फजिती इतक्या सुवाच्य अक्षरात कोण लिहून ठेवतं?

यंदा द्राक्षं घरात येऊन पडली आणि नेमकं सासूबाईंना लेकीच्या बाळंतपणासाठी जावं लागलं. निघताना त्यांनी वही सुनेच्या हातात ठेवली.

"सगळं यात आहे. करशील ना?"

आजवर त्यांनी वाइनच्या बरणीला कुणाला हात लावू दिला नव्हता. सून "हो आई" म्हणाली खरी. पण हे जमलं नाही तर वही पुन्हा कधी आपल्या हातात येणार नाही, असं तिला वाटत होतं.

तिने वहीबरहुकूम सगळं केलं. अडली ती एकाच ओळीपाशी. प्रत्येक पानावर यीस्टच्या खाली लिहिलेलं होतं, 'माया: चार बोटं.'

"अरे, ही माया काय भानगड आहे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आई आहे ती. प्रेमाने करायची, असं असेल," तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

"आणि चार बोटं?"

"बेतानेच करायचं प्रेम. जास्त नको."

सासूबाईंना फोन करावा, असं तिच्या मनात आलं. पण हिला साधी वही वाचता येत नाही, असं त्यांना वाटलं तर? तिने बरणीवरून चार बोटं मायेने फिरवली, द्राक्षांचा लगदा काठोकाठ भरला आणि वर कापड बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बरणी ठेवली होती त्या शिवणाच्या खोलीत पाऊल टाकलं तर चप्पल फरशीला चिकटली. फेसाने कापड वर ढकललं होतं आणि जांभळा ओघळ थेट मशीनच्या पायापर्यंत गेला होता. बरणी वरून चांगली रिकामी झाली होती.

"पाणी घालून सारखी कर आणि लिही चार बोटं," नवरा फरशी पुसता पुसता म्हणाला. "आईला काय स्वप्न पडणार आहे?"

तिला मोह झाला. तिने पाण्याचा तांब्या भरलासुद्धा. पण वही उघडली आणि समोर नेमकं ते फुटलेल्या बरणीचं पान. त्या बाईने हे लिहिलं तेव्हा तरी बघायला कोण होतं? तिने तांब्या खाली ठेवला आणि पेन्सिल उचलली. 'माया कळली नाही. आईंना विचारायचं सोडून नवऱ्याला विचारलं. काठोकाठ भरली. अंदाजे तीन वाट्या उतू गेल्या. वरून काही घातलेलं नाही. चूक माझी.'

सासूबाई परतल्या, नातीचे फोटो दाखवून झाले आणि चष्मा लावून त्या वही घेऊन बसल्या. सून दारात उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. सासूबाई त्या ओळींपाशी थांबल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"अगं, शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो ना, त्याला आम्ही माया म्हणतो. अंग भरलं की उसवून वाढवता येतं. फेसालाही तशीच वर जागा लागते." मग त्या गंभीर झाल्या. "वर पाणी घालावंसं नाही वाटलं?"

"वाटलं. पण तुमच्या फुटलेल्या बरणीची ओळ वाचली."

सासूबाई उठल्या, त्यांनी बरणीचं कापड दूर करून वास घेतला आणि समाधानाने मान हलवली. सुनेच्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, 'शिवणातला शब्द वापरला, तो दुसऱ्याला कसा कळावा? चूक माझी.' मग पेन्सिल सुनेकडे सरकवली. "आता माया तू लिही. कुणालाही कळेल अशी."

सुनेने लिहिलं, 'माया, म्हणजे वर सोडायची रिकामी जागा: चार बोटं.' आणि ती थांबली.

"आई, कुणाची बोटं?"

 सासूबाईंनी आपला पंजा बरणीला आडवा लावला, सुनेने शेजारी आपला लावला, आणि दोघींनी वाकून नीट पाहिलं.

"इतकी वर्षं लिहितेय," सासूबाई म्हणाल्या, "हे मला नाही सुचलं."

सुनेने ओळ पुरी केली. 'बोटं आईंची. माझी जरा बारीक आहेत, म्हणून माझी पाच.'