सहा वेळा सांगितलेला रक्तगट

मित्रांनो, देवरूखच्या एका शाळेत जिन्याखालच्या काचेच्या कपाटात जुना फौजी वायरलेस संच ठेवला आहे. तो मी.

माझी सगळी नोकरी डोंगरातल्या एका चौकीवर झाली. नायक आत्माराम तांबे मला पाठीवर वाहून नेत. ते इथल्याच, देवरूखजवळच्या वाडीतले. थंडीत माझी बॅटरी ते स्वतःच्या कोटात उबेला ठेवत. "आपला सेट कधी दगा देत नाही," असं सगळ्यांना सांगत. तेव्हा मला अभिमान वाटे.

पण माझ्यात एक उणीव होती. मी एकाच लहरीवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायचो. जास्त वेळ बोललो, की शत्रूची यंत्रं माझी जागा हुडकून काढत. म्हणून हुकूम होता, दहा सेकंदांत बोलणं संपवायचं आणि तिथून हलायचं.

त्या दुपारी शिपाई शिवाच्या मांडीत गोळी घुसली. आत्मारामांनी त्याला खडकाआड निजवलं, संदेश नीट पोचावा म्हणून स्वतः उघड्यावर येऊन हेलिकॉप्टर मागितलं. तेवढ्यात शत्रूने आमच्या लहरीवर घरघर सोडली. पलीकडच्यांना नीट ऐकू जाईना.

"रक्तगट सांगा."

"बी निगेटिव्ह."

"पॉझिटिव्ह?"

"निगेटिव्ह! निगेटिव्ह!"

"दादा, बंद करा तो सेट!" शिवा खडकाआडून ओरडला.

आत्माराम थांबले नाहीत. सहा वेळा सांगितलं, तेव्हा पलीकडून "समजलं, निगेटिव्ह" असं आलं. मग तोफगोळा आला.

त्यानंतर मला काही वाटल्याचं आठवत नाही. हेलिकॉप्टर आलं. शिवा वाचला. चार महिन्यांनी नवे संच आले. ते बोलता बोलता सारखी लहर बदलतात, सहज सापडत नाहीत. आम्ही जुने कोठारात गेलो.

गेल्या वर्षी शिवाच मला इथे घेऊन आला. तो आता लंगडत चालतो. आत्मारामांच्या पत्नी प्रेमलाबाई मला पाहायला आल्या.

"भावोजी, शेवटाला काय बोलत होते हे?"

शिवा म्हणाला, "माझा रक्तगट सांगत होते, वहिनी."

"पलीकडे ऐकू गेलं?"

"गेलं."

त्यांनी मान हलवली. माझी चेपलेली बाजू पदराने पुसली आणि बस चुकेल म्हणून निघाल्या.

मित्रांनो, नवी यंत्रं आणा, वेळेवर आणा. मला रोज पुसलं नाहीत तरी चालेल. माझ्यापुढच्या पाटीवर माझं वजन आणि पल्ला लिहिला आहे. खाली दोन बोटं जागा रिकामी आहे. तिथे आत्माराम तांबे, एवढं लिहा.