मोकळ्या फळ्या

माळ्यावरचे सगळे सामान उतरवून झाले होते. बांबूची ढोली, बियाण्याची गाडगी, मोहफुलांच्या दोन गोण्या अंगणात येऊन बसल्या होत्या, आणि रिकामा झालेला माळा पहिल्यांदाच खोलीसारखा दिसत होता. परगावाहून आलेल्या दसरू मिस्त्रीने मधल्या मयालीखाली, म्हणजे छपराच्या आडव्या तुळईखाली, उभे राहून हात वर केला. मयाल आणि डोके यांत वीतभर अंतर उरले. एवढे पुरे होते. पूर्वेच्या भिंतीत खिडकी बसली होती, छपराच्या कवेलूंखाली उन्हाची धग अडवायला पांढरे तक्ते लागले होते, बांबूच्या शिडीच्या जागी कठड्याचा जिना उभा राहिला होता. आता जमीन तेवढी राहिली होती. दसरूने वाकून एका फळीच्या टोकाला हात घातला आणि ती सहज उचलली गेलेली पाहून चकित झाला.

“भाऊ, यायले एकबी खिळा नाई जी.”

“नाई,” हरिदास म्हणाला. “आताबी मारू नको.”

दसरूने त्याला समजावून पाहिले. इथे पलंग येणार, टेबल येणार, कपाट येणार. मोकळ्या फळीवर संसार मांडता येत नाही. शेवटी त्याने खिळ्यांचा डबा बंद करून बाजूला ठेवला. म्हणाला, खिळे मारल्याबिगर मी तुमच्या पोरीले इथी झोपू देणार नाई, फळी सरकली त नाव माह्यं खराब होईन. हरिदास खाली उतरला.

पोरगी म्हणजे संघप्रिया. सहा वर्षे नागपुरात शिकून आणि नोकरी करून ती जूनमध्ये गावच्याच आरोग्य केंद्रात नर्स म्हणून आली होती. घरात दोन खोल्या. एकीत मुलगा अश्विन आणि त्याची बायको. दुसरीत चूल आणि हरिदास व त्याची बायको बायनाबाई यांच्या दोन खाटा. संघप्रिया दोन महिने ओसरीत घडीच्या पलंगावर झोपली, आणि मग तिने तक्रारीचा सूर न लावता सांगून टाकले की महिनाअखेर जागा झाली तर ठीक, नाहीतर तालुक्याच्या गावी, मूलला, तिने खोली पाहून ठेवली आहे. मूल अठरा किलोमीटर. त्यातले शेवटचे सात असे की दिवस कलल्यावर माणसे तिथून एकटी येत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मोहफुले वेचणाऱ्या दोघांना वाघाने नेले होते. पण हरिदासची भीती वाघापाशी संपत नव्हती. एकदा का लेकीने आपला पलंग घराबाहेर नेला, की पुढे ती चहासुद्धा पाहुण्याच्या आवाजात मागते, हे त्याने शेजारच्या घरांत पाहिले होते. माळ्याची कल्पना त्याचीच. फळ्यांचा विचार मात्र त्याने मनातच कुठेतरी दडवून ठेवला होता.

त्या अठरा सागवानी फळ्या त्याच्या बापाने, फागोजीने, आणल्या होत्या. फागोजी लाकूड डेपोत कामाला होता. गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरे आणि मंडईच्या रात्री गावचेच नाटक होई. त्या नाटकाचे स्टेज कुणा एकाचे नसे. घराघरांच्या माळ्यांवरच्या फळ्या काढून ते रचले जाई, आणि नाटक संपले की ज्याच्या फळ्या त्याच्या माळ्यावर परत जात. म्हणून गावात माळ्याच्या फळीला कोणी खिळा मारीत नसे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नाटक मंडळाची माणसे दारोदार सुपारी घेऊन फळ्या मागायला येत. ज्याने फळ्या ठोकल्या तो गावातून उठला, असे मानत. ‘त्यानं फळी ठोकली’ म्हणजे त्याच्याशी आता बोलणे संपले.

मंडळाची माणसे सगळीकडे जात, फक्त फागोजीच्या बौद्धपुऱ्यात येत नसत. नाटक बघायला पुऱ्याने यावे, एका बाजूला बसावे, त्याला हरकत नव्हती. हरिदास बारा वर्षांचा होता त्या साली फागोजीने फळ्या स्वतःच खांद्यावर वाहून मंडईच्या मैदानात नेल्या आणि रचून ठेवल्या. तीन दिवस त्यांना कोणी हात लावला नाही. चौथ्या दिवशी स्टेज कमी पडले. समोरच्या बाजूला दोन हातांची फट राहिली, उजेड मावळत चालला, नट रंग लावून बसलेले. तेव्हा कोणीतरी काही न बोलता त्या फळ्या उचलल्या आणि समोरच्या रांगेत टाकल्या. ते नाटक हरिदासला आठवत नाही. त्याला बाप आठवतो. फागोजी रात्रभर नाटक पाहत नव्हता. तो पाय पाहत होता. राजाचे, प्रधानाचे, राणी झालेल्या पुरुषाचे पाय त्याच्या लाकडावरून जात-येत होते आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी शांतता होती, जशी पुढे हरिदासने विहारातल्या मूर्तीखेरीज कुठे पाहिली नाही. पुढल्या वर्षी सुपारी घेऊन दोन माणसे त्यांच्या दारात आली. त्यानंतर दर वर्षी आली. फागोजी मरताना शेताबद्दल काही बोलला नाही; फळ्या मोकळ्या ठेव, एवढेच बोलला.

दहा वर्षे झाली, गावचे नाटक बंद पडले होते. आता वडश्याहून नाटक कंपन्या येतात, ट्रकमधून आपले लोखंडी स्टेज घेऊन येतात. तरी हरिदासने फळ्या मोकळ्या ठेवल्या होत्या.

बायनाबाईने भाकरी थापता थापता त्याच्याकडे न बघता म्हटले, “तुमच्या घरी फळ्यायले जागा हाये, पोरीले नाई.” लग्नाला चाळीस वर्षे झालेल्या बाईलाच असा टोमणा इतक्या मऊ आवाजात मारता येतो. हरिदासने टोपी उचलली आणि तो नानाजींकडे निघाला.

नानाजी पाटलांच्या घरातले, मंडळाचे शेवटचे अध्यक्ष. जुने घर पाडून त्यांनी स्लॅबचे बांधले होते. दुपारच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते पेपर वाचत होते. हरिदासने दुसऱ्या खुर्चीवर बसून सगळे सांगितले. मंडळ परवानगी देत असेल तर आपण फळ्या ठोकू, आणि देत नसेल तर दुसरी काही सोय पाहू, असे तो म्हणाला. नानाजी आधी हसले. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचे हसू थांबले.

“हरिदासभाऊ, तुह्या अजून मोकळ्याच हायेत?”

“हाओ.”

“अरे बाप्पा.” त्यांनी चष्मा काढला. मग मान खाली घालून, हळूहळू, एकेक घर सांगितले. त्यांच्या स्वतःच्या फळ्या स्लॅबच्या सेंट्रिंगला गेल्या आणि सिमेंट लागून सडल्या. कुणाच्या गोठ्याचे दार झाल्या, कुणाचा दिवाण झाल्या. ठराव कोणी केला नव्हता. एकमेकांना सांगितलेही नव्हते. ज्याला गरज पडली त्याने वापरल्या.

“मंडळ कुठी राह्यलं आता, कोणाले विचारतं तू?” ते म्हणाले. आणि मग रस्त्याकडे पाहत, “पहिल्या साली माह्या बापानंच नाई म्हटलं होतं. मले आठवते. तुह्या बापाच्या फळ्या तीन दिवस पडून होत्या, मी खेळायले जाऊन त्यायच्यावर बसत होतो.”

हरिदासला राग आला नाही. पंगत केव्हाच उठून गेली आहे आणि आपण मात्र पान पुसून, वाढप्याची वाट पाहत बसलो आहोत, असे काहीतरी त्याला वाटले. येताना तो चालत चालत थांबला. बापाला फळ्यांचे कौतुक कधीच नव्हते. कोणीतरी दारात येऊन मागावे, याचे होते. साऱ्या गावात एकट्या आपल्याच घराने दार उघडे ठेवले, आणि मागणारे दार विसरून गेले.

घरी दसरू ओसरीत चहा पीत होता. संघप्रिया केंद्रातून आली होती, आईकडून तिला सगळे कळले असावे, कारण बापाला पाहताच ती म्हणाली, “बाबा, मी मूलले राहू शकते. रोज येईन ना. आबाच्या फळ्या राहू द्या मोकळ्या.”

हरिदास चप्पल काढत होता. ती त्याने भिंतीकडेला ठेवली.

दसरूने मध्येच आपली तोड सुचवली. खिळ्यांऐवजी स्क्रू मारतो, म्हणाला. उद्या काढायच्या झाल्या तर पाच मिनिटांत निघतात, लाकूडही फाटत नाही. तोड चांगली होती, साऱ्यांनाच ती पटल्यासारखी दिसली. बायनाबाईही चुलीपासून उठून दारात आली.

“नाई,” हरिदास म्हणाला. “खिळेच मार.”

“भाऊ, स्क्रू मारला त—”

“आमच्या बापानं दुसऱ्यानं मागावं म्हणून मोकळ्या ठेवल्या. त्याच्या टायमाले ते बरोबर होतं. पण माह्या पोरीच्या पायाखालचं कोणी मागायले येऊ नये.” मग तो संघप्रियाकडे वळला. “जागा तुही हाये, माय. मोकळी जागा म्हणजे दुसऱ्याची जागा.”

संघप्रियाने जिन्यावर ठेवलेला खिळ्यांचा डबा उचलला आणि दसरूच्या हाती दिला.

पहिली फळी हरिदासने धरली. सागवान जुने, कडक. पहिला खिळा वाकला, दुसरा गेला. संध्याकाळपर्यंत ठोकणे चालले आणि बौद्धपुऱ्यातली दोन-चार माणसे, काय चालले आहे ते बघायला, अंगणात येऊन उभी राहिली. त्यांनाही जुने सगळे ठाऊक होते. एका म्हातारीने फक्त, पोरीची खोली होऊन राह्यली का, असे विचारले आणि हो ऐकून ती समाधानाने गेली.

महिना संपायच्या आत संघप्रियाचा पलंग वर गेला, तिचे टेबल गेले, खिडकीशेजारी तिच्या पांढऱ्या कोटाची खुंटी लागली.

त्या रविवारी दुपारी हरिदास खाली खाटेवर पडला होता. इतकी वर्षे वर उंदीर धावला तरी फळ्या कुरकुरत आणि कोण कुठे आहे ते खाली झोपलेल्याला कळे. आता वर माणूस राहत होते आणि आवाज नव्हता. तो बराच वेळ छताकडे कान लावून राहिला. शेवटी त्याला राहवले नाही.

“संघप्रिया, वर हायेस का?”

“हाओ, बाबा. वाचून राह्यली.”

“बरं,” तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.