माहेरावरची चौकट

राज्याचा भिंतीवरचा नकाशा नकाशेवाल्यानं एकतीस वर्षं काढला, आणि एकतीस वर्षं स्वतःच्याच सासुरवाडीवर चौकट ठेवली.

चौकट म्हणजे खुणांची. काळा ठिपका म्हणजे कोळसा, तांबडा त्रिकोण म्हणजे लोखंड, हिरव्या रेघा म्हणजे जंगल. राज्य अवाढव्य, कागदावर मावता मावत नाही. मग चौकट कुठं ठेवायची? आग्नेय कोपऱ्यात. "तिथं आहे काय एवढं?" असं कचेरीत सगळेच म्हणत. आहे काय! चौकटीत लिहिलेलं झाडून सगळं तिथंच आहे. तिथला कोळसा जळतो तेव्हा राजधानीतले पंखे फिरतात, आणि त्याच पंख्यांखाली ढेकर देत ही माणसं विचारतात, तिथं आहे काय.

दर नव्या आवृत्तीला बायको विचारी, "ठेवलीत का चौकट आमच्या गावावर?" तो हसून वेळ मारून नेई.

यंदाची आवृत्ती त्याची शेवटची. महिनाअखेरीला निवृत्ती. हद्दी ताडून बघायला तो दप्तरखान्यात गेला आणि धूळ झटकून तीन जुने नकाशे जमिनीवर पसरून बसला. राजाच्या काळचा होता, त्यात त्या कोपऱ्यात रंगीत हत्ती. परक्या अंमलातला होता, त्यात तिथं त्यांची भलीथोरली मोहर. मग आपलं सरकार आलं, निवडणुका झाल्या, विधानसभा भरली, आणि त्या जागी चौकट आली. राज्यकर्ते बदलले, पण त्या मुलखाच्या उरावर काहीतरी ठेवायची खोड कुणाची गेली नाही. तिसऱ्या नकाशाखाली सही होती. त्याची स्वतःची.

तो तसाच, हाताची धूळ न पुसता साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, यंदा चौकट हलवू या."

"हलवून ठेवणार कुठं? नकाशा लहान करायचं म्हणाल तर जमणार नाही. राज्य लहान दिसलेलं वरच्यांना खपत नाही."

"लहान कशाला? वर डावीकडं हद्दीबाहेर मोकळी जागा आहे की."

"मोकळी? तिथं मंत्रीसाहेबांचा फोटो असतो!"

"तोच काढा म्हणतोय."

साहेबांनी आधी दार लोटून घेतलं. "तुम्ही चाललात घरी पाय पसरायला. मला अजून नऊ वर्षं काढायचीत, बाबा!"

"मागच्या खेपेची खळ आठवते का?"

साहेबांचा चेहरा कडू झाला. मागच्या खेपेला अकरा हजार नकाशे छापून झाले आणि दुसऱ्याच दिवशी मंत्री पडले. मग सगळी कचेरी आठवडाभर जुन्या तोंडावर नवं तोंड चिकटवत बसली होती. साहेबसुद्धा. बोटं एकमेकांना चिकटायची, डबा उघडला की खळीचा वास. आणि चिकटवून संपलं त्या संध्याकाळी नवे मंत्रीही दुसऱ्या खात्यात गेले.

"नकाशा शाळेत वीस वर्षं टांगलेला राहतो, साहेब. यांचा काय भरवसा? फोटो वेगळ्या चिठ्ठीवर छापा, टाचणीनं लावा. माणूस बदलला की चिठ्ठी बदलायची."

साहेबांनी स्वतःच्या बोटांकडं बघितलं. मग खुदकन हसले. "टाचणी! वर कळवतो, फोटोला स्वतंत्र मानाचं स्थान दिलंय म्हणून. काढा तुमचा कोपरा."

कोपरा काढायला बसला तेव्हा कळलं, तिथला मुलूख त्याच्या हाताला ठाऊकच नाही. बाकीचं राज्य तो डोळे मिटून काढी. इथं मोजणीचे कागद समोर होते, तरी पेन अडखळे. मग संध्याकाळी घरी कच्चा कागद नेऊन त्यानं बायकोला शेजारी बसवलं.

"ही नदी इथं अशी वळते?"

"वळायची. खाणवाल्यांनी सरळ केली. आणि ही टेकडी पुसा, ती मालगाडीत बसून गेली कधीच."

"आणि हे गाव?"

"मावशीचं. अजून आहे. घाला."

कागदांवर नसलेली सात गावं तिनं सांगितली. पुढच्या तीन दिवसांत त्यानं ती मोजणीखात्याकडून एकेक खरी करून घेतली आणि मगच शाईनं उतरवली.

छापखान्यातून आलेला पहिला कागद त्यानं घरी जमिनीवर अंथरला. बायको चष्मा लावून गुडघ्यांवर बसली. नदीवरून बोट फिरवत फिरवत एका ठिपक्यापाशी थांबली.

"एवढुसा?"

"सगळ्या गावांना तेवढाच असतो."

"राजधानीला बरा चौकोन!"

"तो पुसायला अजून एकतीस वर्षं लागतील."

ती हसली, पण ठिपक्यावरचं बोट काही उचललं नाही. "इतकी वर्षं बसला होतात माझ्या माहेरावर. उठलात एकदाचे."

"उठलो, बाई."

"मग आता चहा टाका. मी जरा इथंच बसते."

तो उठला आणि कागदावर पाय पडू न देता, हद्दीबाहेरून वळसा घालून स्वयंपाकघरात गेला.