टेकडी आणि डावा हात

"डावा हात खिशात," राजमातेच्या अंगणात शिरताना अफ्राकोमाने स्वतःला चौथ्यांदा बजावलं.

कुमासी शहराच्या हवामान खात्याची ती प्रमुख. साठ इंजिनियर तिच्या हाताखाली, आणि तिच्या सहीशिवाय पावसाचा अंदाज बाहेर पडत नसे. पण ती पडली डावखुरी, आणि इथे मोठ्यांसमोर डावा हात पुढे करणं म्हणजे तोंडावर अपमान. लांबचे ढग टिपणारं नवं रडार राजमातेच्या टेकडीवर उभारायचं होतं. आज राजमाता नाही म्हणाली, तर ते दुसऱ्या प्रांतात जाणार आणि सहा वर्षांची मेहनत पाण्यात.

"मॅडम, हात बांधून देऊ का?" तिचा साहाय्यक बोआडू गंभीरपणे म्हणाला.

"तू आधी तुझं तोंड बांध."

रिवाजाप्रमाणे भेट म्हणून आणलेली जिनची बाटली अफ्राकोमाने उजव्या हाताने दिली. राजमातेशी थेट बोलायचं नसतं. आपण ओक्यामेला, म्हणजे तिच्या प्रवक्त्याला सांगायचं, त्याने ते सजवून पुढे सांगायचं. अफ्राकोमा म्हणाली, "गेल्या वर्षी पूर आला." ओक्यामेने त्यात नदीचा राग घातला, वर वाहून गेलेल्या बकऱ्याही घातल्या. सगळं छान चाललं होतं.

मग राजमातेने ओक्यामेकरवी विचारलं, इतक्या लांबचा ढग दिसतो कसा?

झालं. हा प्रश्न कानावर पडला की अफ्राकोमाबाईंना जगाचं भान उरत नसे. तिने काठी उचलली, मातीत टेकडी काढली, नदी काढली, ढग काढले, लहरी जाऊन परत कशा येतात ते दाखवलं आणि "हे तुमचं घर" म्हणत थेट राजमातेकडे बोट केलं. डाव्या हाताचं.

बोआडूने डोळे मिटून घेतले. अफ्राकोमाने हात झटकन मागे घेतला.

"माफी असावी," ती ओक्यामेला म्हणाली. "शाळेत या हाताने पुष्कळ छड्या खाल्ल्या. पण गणितं यालाच येतात, त्याला मी काय करू?"

ओक्यामेने घसा खाकरला. हे कसं सजवायचं ते त्याला सुचेना.

"राहू दे, मी काही बहिरी नाही," राजमाता स्वतःच बोलली. इतक्या वर्षांत चारचौघांत ती अशी थेट कधी बोलली नव्हती. तिने वस्त्राखालून आपला डावा हात काढला, काठी मागून घेतली आणि मातीत एक सफाईदार रेघ ओढली.

"पोरी, नदी इकडून वळते. तुझा नकाशा चुकलाय. चाळीस वर्षं झाकून ठेवलाय मी हा हात, अजून विसरला नाही बघ." तिने काठी परत दिली. "आता रडार कुठे बसवणार ते दाखव."

अफ्राकोमाने डाव्या हातानेच दाखवलं.