थांबलेलं घुंगरू

शिंप्याने कुत्र्याच्या पिल्लाच्या तोंडातून मोजपट्टी ओढली, तर पिल्लाला तो खेळच वाटला. पुढचे पाय रोवून ते गुरगुरत मागे खेचू लागलं. गळ्यातल्या घुंगराचा नुसता थयथयाट चालला होता.

"सोड, मेल्या! मला मापं घ्यायचीत," शिंपी म्हणाला, पण आवाजात राग कुठला!

पिल्लाची आई अस्सल शिकारी जातीची कुत्री, बाप कोण ते तिलाच ठाऊक. पिल्लं मात्र अंगात वारं भरल्यासारखी. ताईच्या पायांत येऊ नयेत म्हणून शिंप्याने प्रत्येकाच्या गळ्यातल्या फितीला घुंगरू शिवलं होतं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दृष्टी गेल्यापासून तिने अंगणापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. घुंगरं असूनही ती एकदा अडखळून पडलीच.

"एकूण एक पिल्लू घराबाहेर गेलं पाहिजे," तिने बजावलं.

त्यांची आई वारल्यावर ताईनेच शिंप्याला वाढवलेलं. निदान एक तरी ठेवू या, एवढं म्हणायला त्याची जीभ रेटेना. धोबी आला, सुतार आला, शाळेतल्या बाई आल्या, पिल्लं गेली. आता हे शेवटचं, आणि त्याचं सर्वांत लाडकं.

बेकरीवाला साखळी घेऊनच आला.

"पिठाच्या पोत्यांपाशी बांधून ठेवीन. तेवढीच राखण."

शिंप्याने मान डोलावली आणि पिल्लाला अंगणात शेवटचं हुंदडू दिलं. घुंगरू कुंपणापर्यंत गेलं, परत आलं, बादलीवर आदळलं आणि एकदम थांबलं.

"नेलं का रे?" ताईने पायरीवरून विचारलं.

झुडपात एक होला बसला होता. त्याच्याकडे नाक रोखून, पुढचा एक पाय उचलून, शेपटी ताठ करून, शिकारी कुत्रं सावज दाखवतं तसं पिल्लू उभं होतं. झोपेतही पाय झाडणारं ते पोर, आता त्याचा कानही हलत नव्हता. या अंगणात आल्यापासून पिल्लाची आईसुद्धा कधी शिकारीला गेली नव्हती.

"अरे, बोल की! गप्प का?"

शिंप्याने ताईचा हात धरून तिला पिल्लापाशी नेलं, हळूच खाली बसवलं आणि तिची बोटं पिल्लाच्या पाठीवर ठेवली. बोटं ताठ शेपटीपर्यंत गेली, मग उचललेल्या पंजापाशी आली. बरगड्यांखाली काळीज धडधडत होतं. ताईचा हात तिथेच राहिला.

"हे कुणी शिकवलं याला?" ती कुजबुजली.

"कुणीच नाही."

"मग कळलं कसं?"

होला उडाला, घुंगरू पुन्हा वाजत सुटलं. बेकरीवाल्याने साखळी मुकाट्याने पिशवीत टाकली.

"याला मी बांधून घालू? पाप लागेल हो मला," म्हणत तो निघून गेला.

ताई मातीतच बसून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

"मागच्या मैदानात पक्षी असतात का रे अजून?"

"असतात की."

"माझ्या चपला बघ."

शिंप्याने घरात जाऊन पलंगाखाली हात घातला आणि बराच वेळ चाचपत राहिला.

"ताई, एकच धड आहे. दुसरीचा या पिल्लांनी फडशा पाडलाय."

"मग तुझ्या दे," ताई उठत म्हणाली. "तू चल अनवाणी."