आमोसची चिठ्ठी

चाळीस वर्षं मी शेवगावच्या शाळेत दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या आणि नातीच्या जन्माचा फॉर्म भरताना स्वतःच माती खाल्ली. माझ्या दयाचं पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्याकडे. जावई आमोस सुप्याच्या कारखान्यात, त्याला सुट्टी मिळेना. मुलगी झाली म्हणताच मी आनंदाने इतका चेकाळलो, की वडिलांच्या रकान्यात दयाच्या वडिलांचं, म्हणजे माझंच नाव लिहून आलो. वर आमोसलाच बोल लावला, "बाप कसला हा, फॉर्म भरायलाही आला नाही!"

चार महिन्यांनी कामावरून परतताना आमोसला ट्रकने उडवलं. नातीला, एंजेलाला, बापाच्या पीएफची पेन्शन मिळायची, तर जन्मदाखल्यावर तिचा बाप मी! नोंदणीचा बाबू म्हणाला, "गुरुजी, बापानं सवताच्या हातानं लिवलेलं कायतरी आना." गेलेल्या माणसाकडून काय आणू? मला माझाच संताप आला.

काल सकाळी दयाला घेऊन सुप्याजवळच्या आमोसच्या चर्चमध्ये गेलो. वाटलं, पाळकांचं एखादं पत्र तरी मिळेल. पाळकसाहेब म्हणाले, "माझं पत्र कशाला? तो प्रार्थनेच्या पेटीत चिठ्ठ्या टाकायचा. मी सगळ्या वहीत चिकटवतो."

दया भराभर पानं उलटू लागली. एकदम ती ओरडली, "पप्पा, सापडली!"

"मला शेवगावला मुलगी झाली. नाव एंजेला ठेवणार. सुट्टी नसल्याने अजून पाहिली नाही. सासऱ्यांनी सगळी धावपळ केली, त्यांच्यासाठीही प्रार्थना करावी." खाली तारीख आणि सही.

मी चर्चमध्येच हमसून रडलो. मग वही छातीशी धरून आम्ही एसटीमागे असे धावलो, की दयाची चप्पल तुटली.

बाबूने आमोसच्या कारखान्याच्या कार्डावरची सही चिठ्ठीशी ताडून पाहिली. साहेबांना दाखवून आला. "व्हय, जमलं! पयली माहिती तुमीच दिलती, आता दुरुस्तीचा अर्जबी तुमीच भरा."

वडिलांच्या रकान्यात मी आमोसचं नाव लिहिलं. दयाने एकेका अक्षरावर बोट ठेवून तपासलं, आणि तिचं बरोबरच होतं. पुढे विचारलं होतं, अर्जदाराचं बाळाशी नातं काय?

"आजोबा!" मी एवढ्या मोठ्याने म्हणालो, की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.